६.५ क्रीडमूरच का? .२६० रेमिंग्टनने कुणाचं घोडं मारलं होतं?

चांदमारी
नमस्कार मंडळी. .२६० रेमिंग्टन (रायफलीच्या काडतुसाचा एक प्रकार) १९९७ साली बाजारात आली. .३०८ विंचेस्टरचीच केस (काडतुसाचं पितळी नळकांडं), मान (गोळी धरणारा अरुंद भाग) आवळून ६.५ मिमीची केलेली. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, हॉर्नडीने ६.५ क्रीडमूर काढली. गोळी तीच, १४० ग्रेन, म्हणजे नऊ ग्रॅमच्या आसपास. वेग जवळपास तोच. उलट .२६० च्या केसमध्ये दारू चिमूटभर जास्तच मावते. तरी आज अचूक नेमबाजीसाठी रायफल घेणारा दहातल्या नऊ वेळा क्रीडमूरच म्हणतो, आणि .२६० चं नाव काढलं की दुकानदार डोकं खाजवतो.

आणि ६.५x५५ स्वीडिश? ती तर १८९४ पासून आहे!

माझं मत: हा सगळा जाहिरातीचा खेळ. पटत नसेल तर आकडे घेऊन या. ‘नवीन आहे म्हणून चांगली आहे’ हे कारण चालणार नाही.

खटका
जागा धरून ठेवतोय. हा धागा शंभरी गाठणार.

अर्धाइंच
जाहिरात आहेच, नाही कोण म्हणतंय. पण आधी व्हर्नियर हातात घ्या.

.२६० ची केस २.०३५ इंच, म्हणजे ५१.७ मिमी. क्रीडमूरची १.९२० इंच, म्हणजे ४८.८ मिमी. फरक २.९ मिमी. ऐकायला काहीच नाही. पण .३०८ साठी बनलेल्या आखूड ॲक्शनच्या (काडतूस आत-बाहेर करणारी यंत्रणा) मॅगझिनमध्ये अख्खं काडतूस ७१ ते ७२ मिमीच्या वर मावत नाही. ७२ धरा. .२६० मध्ये केसच्या तोंडापुढे गोळीला उरतात २०.३ मिमी, क्रीडमूरमध्ये २३.२.

आता १४० ग्रेनची लांबट मॅच गोळी सुमारे ३५ मिमी लांब असते. म्हणजे .२६० मध्ये तिचा १४-१५ मिमी भाग केसमध्ये घुसवावा लागतो. मान सात मिमीच्या आसपास. उरलेला अर्धा भाग मानेखाली दारूत लोंबकळतो. यातून दोन भानगडी होतात. एक, गोळीचा निमुळता भाग केसच्या तोंडाशी येऊन टेकायला लागतो, त्यामुळे मान गोळीला पूर्ण लांबीभर धरत नाही. दुसरी जास्त त्रासदायक. मान आणि खांदा (मानेखालचा उतार) जिथे मिळतात तिथे काही वेळा वापरलेल्या पितळेत आतून एक जाड कडं तयार होतं. गोळीचा सरळ भाग त्या कड्यातून गेला की एका काडतुसात पकड घट्ट, दुसऱ्यात सैल. पकड बदलली की वेग बदलला, आणि वेग बदलला की लांबवर गोळ्या वरखाली.

क्रीडमूरमध्ये गोळी जेमतेम पाच मिमी मानेखाली जाते. कड्याचा त्रास पुष्कळ कमी.

चांदमारी
@अर्धाइंच मुद्दा मान्य, पण लांब मॅगझिन लावली की संपलं ना? नाहीतर काडतूस एकेक हाताने भरा.

अर्धाइंच
हाताने भरणाऱ्याला प्रश्नच नाही, म्हणून एफ-क्लासवाले (टेकूवरून लांब पल्ल्याची स्पर्धा खेळणारे) .२६० वर खूश होते. पण दुकानातलं काडतूस कारखाना ठरलेल्या कमाल लांबीतच बनवतो. .२६० ची ती लांबी २.८०० इंच, क्रीडमूरची २.८२५. केस आखूड, वर परवानगी जास्त. क्रीडमूरचं डिझाइन लांब गोळीपासून मागे मागे येत केलेलं आहे. .२६० चं डिझाइन हातात असलेल्या केसपासून पुढे. आधी लुगडं आणि मग त्यावर बेतलेली नवरी.

खटका
उपमा दंडवत घालण्याजोगी आहे.

वाराधीन
लांबीबरोबर आट्यांचं बोला. नळीतले आटे किती इंचांत एक फेरा पूर्ण करतात तो ट्विस्ट. रेमिंग्टनने .२६० च्या रायफली ९ इंचांना एक फेरा या ट्विस्टच्या काढल्या. क्रीडमूरचं प्रमाण पहिल्या दिवसापासून ८ इंचांना एक. गोळी जितकी लांब तितका तिला जास्त गरका लागतो. ९ च्या ट्विस्टमध्ये लांब १४० ग्रेनची गोळी काठावर पास होते. थंड, जड हवेत, समुद्रसपाटीला तिथंच नापास. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसलं की समजावं, गोळी तिरकी जातेय.

ही चूक रेमिंग्टनची पहिली नाही. १९५५ साली विंचेस्टरने .२४३ आणली, ट्विस्ट १०. त्याच वर्षी रेमिंग्टनने .२४४ आणली, ट्विस्ट १२. केस चांगली, वेग चांगला, पण १०० ग्रेनची लांब गोळी त्या ट्विस्टला भरवशाने स्थिर होईना. लोकांना एकाच रायफलीत हलकी आणि जड दोन्ही गोळ्या हव्या होत्या. .२४३ घराघरात गेली. रेमिंग्टनने १९६३ मध्ये ट्विस्ट ९ करून त्याच काडतुसाला ६ मिमी रेमिंग्टन असं नवं नाव दिलं. तोवर बस निघून गेली होती.

शेंडेफळ
नवखा आहे. दारू दारू काय चाललंय? किती पेग?

पितळीभांडी
@शेंडेफळ धूरविरहित पावडर. मराठीत बंदुकीची दारूच म्हणतात, तिचं माप ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. आणि ही दारू जास्त झाली तर माणूस नाही, बोल्ट हलतो.

व्यवस्थापक
काडतुसात किती ग्रेन कोणती पावडर याचे आकडे या धाग्यावर देऊ नयेत. भारतात परवान्याशिवाय काडतूस भरणं हा गुन्हा आहे, आणि परदेशी सदस्यांनीही पावडर बनवणाऱ्यांची छापील पुस्तिकाच पाहावी. बाकी चर्चा चालू द्या.

गावठी_गणिती
धागाकर्त्याने आकडे मागितलेत, तर घ्या. लांब पल्ल्याला गुरुत्वाकर्षण हा शत्रू नाही. अंतर माहीत असलं की खाली पडणं मोजून दुर्बिणीवर क्लिक देता येतात. खरा शत्रू वारा. आणि आडव्या वाऱ्याचं गणित सोपं आहे:

सरकणं = वाऱ्याचा वेग x (गोळीला प्रत्यक्ष लागलेला वेळ − हवा नसती तर लागला असता तो वेळ)

१००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर. आडवा वारा ताशी १० मैल, म्हणजे सेकंदाला ४.४७ मीटर.

.३०८, १७५ ग्रेनची मॅच गोळी, सुरुवातीचा वेग सेकंदाला २६०० फूट. हवा नसती तर १.१५ सेकंद, प्रत्यक्षात साधारण १.७. फरक ०.५५. सरकणं अंदाजे २.४५ मीटर.

६.५ मिमी, १४० ग्रेन, २७०० फूट. हवेविना १.११, प्रत्यक्षात साधारण १.५. फरक ०.३९. सरकणं अंदाजे १.७५ मीटर.

म्हणजे वाऱ्याचा अंदाज तितकाच चुकला तरी चूक पाऊण मीटरने लहान. शिवाय गोळी हलकी, म्हणून खांद्याला धक्का कमी. नेम .३०८ पेक्षा चांगला लागतो तो यामुळे. पण चांदमारी यांचा प्रश्न तरी उरतोच, कारण हे गणित .२६०, स्वीडिश आणि क्रीडमूर तिघांना सारखंच लागू.

चांदमारी
धन्यवाद! तेच तर म्हणतोय मी.

उत्तरवारा
स्वीडिशबद्दल लिहितो, इकडे स्कँडिनेव्हियात ती अजून जिवंत आहे. ६.५x५५ चा ट्विस्ट पहिल्यापासून २०० मिमी, म्हणजे ७.९ इंच. का? १८९४ मध्ये टोकदार गोळ्या नव्हत्या. १५६ ग्रेनची, बोथट नाकाची, लांबलचक गोळी स्थिर करायची होती. तो ट्विस्ट सव्वाशे वर्षांनी आजच्या लांब गोळ्यांना आयता फिट बसला. दूरदृष्टी वगैरे काही नाही, योगायोग.

मग जगभर का नाही चालली? पहिलं, काडतूस ८० मिमी लांब, आखूड ॲक्शनमध्ये जात नाही. दुसरं, केसच्या बुडाचा व्यास १२.२ मिमी, .३०८ घराण्याचा १२.०. दोन दशांश मिमीचा फरक, पण बोल्टचा चेहरा (बोल्ट म्हणजे मागून चेंबर बंद करणारा दांडा, चेहरा म्हणजे त्याची काडतुसाचं बूड धरणारी बाजू) त्यासाठी वेगळा लागतो. तिसरं महत्त्वाचं: बाजारात जुन्या क्राग आणि १८९६ च्या माउझर रायफली इतक्या आहेत, की त्यांची लाज राखायला कारखान्याच्या काडतुसाचा दाब कमी ठेवावा लागतो. युरोपातली मर्यादा ३८०० बार. क्रीडमूरची ४३५०. म्हातारीसाठी सगळ्या घराने मऊ भात खायचा.

पितळीभांडी
बोल्टच्या चेहऱ्याचा मुद्दा लोक विसरतात. फार मोठा आहे.

१९७५ साली पामिसानो आणि पिंडेल या दोघांनी ६ पीपीसी बनवली. मूळ केस .२२० रशियन, आणि तिची मूळ ७.६२x३९, म्हणजे एके-४७ चीच. त्याआधी बेंचरेस्टमध्ये, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून सर्वांत लहान पुंजका मारायच्या स्पर्धेत, १९५० ची .२२२ रेमिंग्टन राज्य करत होती. पीपीसीने तिला हद्दपार केलं, आणि १०० आणि २०० यार्डांना अजून तिला तोड नाही. केस आखूड आणि जाड, खांदा ३० अंशांचा, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) लहान, प्रायमरची ज्योत जाणारं भोक बारीक. दारूचा खांब बुटका असल्याने ती दर वेळी एकसारखी पेटते असं मानतात. त्याहून जास्त श्रेय पितळेला: फिनलंडहून येणाऱ्या .२२० रशियनच्या केसांची भिंत सगळीकडून सारखी जाड असायची.

मग पीपीसी ३०० मीटर, १००० यार्डवाल्यांकडे का गेली नाही? बुडाचा व्यास ११.३ मिमी. .२२३ चा बोल्ट ९.६ चा, .३०८ चा १२ चा. पीपीसीचा बोल्ट या दोन्हींच्या मधला, बाजारात सहज न मिळणारा. त्याउलट ६ मिमी बीआर, .२४३, .२६०, ६.५x४७ लापुआ, क्रीडमूर, सगळ्यांचा १२ मिमी. जुनी .३०८ असेल तर ॲक्शन, बोल्ट, मॅगझिन, स्टॉक तसंच ठेवून फक्त नळी बदलायची. नवं काडतूस घ्यायला माणूस पूर्ण रायफल विकत नाही.

खटका
‘पामिसानो’ नव्हे, पाल्मिसानो. चीज वेगळं.

पितळीभांडी
😀 पाल्मिसानो. टंकताना जेवणाची वेळ झाली होती.

नळीदुरुस्ती
नळीच्या आयुष्याबद्दल कुणी बोललंच नाही. स्पर्धक काडतूस निवडतो तेव्हा तो वर्षाला किती नळ्या फेकायच्या हे निवडत असतो.

ढोबळ मोजमाप: केसमध्ये किती ग्रेन पाणी मावतं, भागिले गोळीच्या छेदाचं क्षेत्रफळ. त्या भोकातून किती आग जायची याचा अंदाज येतो.

.३०८: ५६ भागिले ४८ चौ. मिमी = १.१७
६ बीआर: ३८ भागिले ३० = १.२७
६.५ क्रीडमूर: ५२ भागिले ३५ = १.४९
६ मिमी क्रीडमूर: ५२ भागिले ३० = १.७३

आता आयुष्य बघा. .३०८ ची नळी ५००० बारांच्या (झाडलेल्या गोळ्यांच्या) वर सहज जाते. ६.५ क्रीडमूर २००० ते ३०००. ६ मिमी क्रीडमूर १२००-१५०० ला थकते. जळतो तो भाग चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) लगेच पुढचा, जिथे आटे सुरू होतात. मगरीच्या पाठीसारखी भेगांची जाळी पडते आणि आटे पुढे पुढे सरकतात.

तपासायचं कसं: एकच गोळी ‘मापाची’ म्हणून बाजूला ठेवायची, तिच्यावर खूण करायची. दर २०० बारांनी ती आट्यांना टेकेपर्यंतची लांबी मोजून वहीत लिहायची. दर वेळी तीच गोळी हवी, कारण एकाच डब्यातल्या दोन गोळ्यांची नाकं सारखी नसतात. आकडा हळूहळू वाढतोय तोवर ठीक. अचानक उडी मारली आणि वेगही पाच-दहा मीटरने पडला, तर पुढच्या स्पर्धेआधी नवी नळी.

अर्धाइंच
@नळीदुरुस्ती म्हणूनच पीआरएसच्या (प्रिसिजन रायफल सिरीज) स्पर्धांत आता क्रीडमूरसुद्धा मागे पडली ना. तिथे ६ डॅशर, ६ जीटी ही ६ मिमीची काडतुसं. डॅशर म्हणजे बीआरचाच खांदा पुढे सरकवून ४० अंशांचा केलेला. १०५-११० ग्रेनची गोळी. वाऱ्यात ६.५ पेक्षा किंचित कमी, पण धक्का इतका कमी की दुर्बीण लक्ष्यावरून हलत नाही. गोळी कुठे लागली हे नेमबाज स्वतः बघतो आणि पुढची सुधारतो. ९० सेकंदांत दहा बार, पाठीशी सांगायला कुणी नाही, तिथे हे सोन्याहून पिवळं.

वाराधीन
म्हणजे चांदमारी यांनी प्रश्न विचारेपर्यंत उत्तर जुनं झालं.

मावळतीचा_राम
तुम्ही सगळे अमेरिकेत रमलात. महाराष्ट्रात अचूक नेमबाजी म्हणजे १० मीटर एअर रायफल, जिथे काडतूसच नाही, आणि ५० मीटरची .२२. म्युनिकला २०१० मध्ये तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनची (पालथं झोपून मारायच्या प्रकाराची) विश्वविजेती झाली ती .२२ वर. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये थ्री पोझिशनचं कांस्य ४५१.४ गुणांवर आणलं तेही .२२ वर. १८८७ चं काडतूस, शिशाची गोळी, बाहेरून मेण फासलेलं. ते अजून का टिकलंय हे कुणी सांगेल का?

गावठी_गणिती
@मावळतीचा_राम छान प्रश्न, आणि वरचंच सूत्र लागू पडतं.

एक कारण नियम. ५० मीटरला .२२ लाँग रायफलच चालते, विषय संपला. पण नियम नसता तरी तिला पर्याय कमी. मॅच काडतुसाची ४० ग्रेनची गोळी सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास सुटते. आवाजाचा वेग १५ अंश सेल्सियसला ३४० मीटर. म्हणजे ती कायम आवाजाच्या खाली राहते. ‘हाय व्हेलॉसिटी’ काडतूस ३८० ने सुटतं आणि वाटेत आवाजाचा वेग ओलांडून खाली येतं. त्या पट्ट्यात हवेचा रोध झपाट्याने बदलतो आणि गोळी डगमगते. आता गंमत: हाय व्हेलॉसिटी लवकर पोचते, तरी वाऱ्याने जास्त सरकते! कारण सूत्रात एकूण वेळ नाही, वेळेतला तोटा आहे. वेगाच्या मानाने तिचा तोटा मोठा.

शेंडेफळ
हे भारी आहे. मग ५० मीटरला काय चुकतं?

मेणबत्ती
@शेंडेफळ लॉट (एका खेपेत बनलेली काडतुसं) चुकतो.

५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं. गोळी ५.६ मिमीची. ५० मीटर जायला सुमारे ०.१६ सेकंद लागतात, तेवढ्यात गोळी नळीच्या रेषेपासून साडेबारा सेंटिमीटर खाली येते. वेग पाच मीटरने कमी पडला तर पडणं तीन टक्क्यांनी वाढतं, म्हणजे जवळपास चार मिमी. नेम अचूक, श्वास अचूक, आणि १०.४ चा ९.९ झाला.

रिमफायरमध्ये पेटणारं मिश्रण केसच्या कडेत फिरवून बसवलेलं असतं. कुठे जाड, कुठे पातळ. म्हणून एकाच कंपनीच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि एका नळीला आवडलेला लॉट शेजारच्या नळीला आवडत नाही. ईली, लापुआ यांच्याकडे यासाठी चाचणीचे बोगदे आहेत, तिथे रायफलची ॲक्शन शिकंज्यात धरून लॉट तपासून देतात.

घरच्या रेंजवर करायचं तर: टेबलावर भक्कम टेकू, वारा नसलेली सकाळ. लॉट बदलला की पहिले १५-२० बार मोजायचे नाहीत, कारण आधीच्या मेणाचा थर निघून नव्याचा बसायला तेवढे लागतात. घाईत बहुतेकजण इथेच चुकतात आणि चांगला लॉट नापास करतात. मग दहा-दहाचे चार पुंजके. चारही कागद एकावर एक ठेवून चाळीस भोकांचा एकच पुंजका बघायचा. सर्वांत सुंदर पाच भोकं बघून लॉट निवडू नये, पाच भोकं कुणालाही फसवतात. पसंत पडलेला लॉट परवान्यात आणि खिशात बसेल तेवढा त्याच दिवशी उचलायचा, पुढच्या महिन्यात तो नसतो.

मावळतीचा_राम
@मेणबत्ती आभार. बालेवाडीला फलकावर लावण्यासारखा प्रतिसाद.

कलम_पाच
नियमांवरून आठवलं. लोकप्रियता अनेकदा कायद्यातून येते. आपल्याकडे परवान्यावरच्या मोठ्या रायफलींत .३१५ इतकी का दिसते? .३०३ ही लष्करी, म्हणून सामान्य नागरिकाला बंद. मग ८ मिमी मानलिखर घराण्यातली .३१५, जी लष्कराच्या काडतुसांवर चालणार नाही, ती ईशापूरच्या कारखान्यात बनली आणि देशभर पसरली. अचूकतेशी काडीचा संबंध नाही.

तिकडे एफ-क्लासच्या एफ-टीआर प्रकारात फक्त .२२३ आणि .३०८ चालतात. पाल्मा या लांब पल्ल्याच्या स्पर्धेतही .३०८. वर गणितात हरलेली .३०८ नियमांच्या आधाराने उभी आहे. तो नियम उद्या काढला तर अर्धे लोक संध्याकाळपर्यंत नळी बदलतील.

वाराधीन
अर्धे नाही हो. .३०८ ला १९५२ पासूनची पुण्याई आहे. १९५४ मध्ये ७.६२ नाटो झाली, जगभरचे कारखाने तीच बनवू लागले. पितळ स्वस्त, प्रत्येक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे तिचा रीमर (चेंबर कोरायचं हत्यार). शिवाय ती चुका सहन करते. कशीही भरा, बरी लागते.

पण .३०८ मध्ये गोळी निवडताना एक खड्डा आहे. १६८ ग्रेनची प्रसिद्ध मॅच गोळी ३०० मीटरच्या स्पर्धेसाठी बनली होती, शेपटीचा उतार १३ अंशांचा. ३०० काय, ६०० यार्डांपर्यंत उत्तम. १००० च्या आसपास ती आवाजाच्या वेगाशी येते आणि त्या तीव्र शेपटीमुळे कोलांट्या खाते. १७५ ग्रेनच्या गोळीची शेपटी ९ अंशांची, ती सावरते. लोक काडतुसाला दोष देतात, दोष गोळीचा असतो.

खटका
.३३८ लापुआबद्दल कुणी बोलणार?

नळीदुरुस्ती
१५०० मीटरच्या पुढे जायचं असेल तर. खांदा आणि बँक दोन्ही मजबूत हवेत. पुढे.

कलम_पाच
जाहिरातीच्या बाजूने एक मुद्दा देतो, चांदमारी एकटे पडलेत. १९३५ साली अमेरिकेत कॅम्प पेरीला बेन कम्फर्ट नावाच्या नेमबाजाने १००० यार्डांचा विम्बल्डन कप .३०० हॉलंड अँड हॉलंडवर जिंकला. १९२५ चं काडतूस, आफ्रिकेच्या शिकाऱ्यांचं, बुडाला पट्टा असलेलं. त्या एका कपानंतर लांब पल्ल्याला पट्टेवाल्या मॅग्नमची लाट आली. आज विचारलं तर कुणीही सांगेल की पट्टा अचूकतेच्या आड येतो, काडतूस चेंबरमध्ये खांद्यावर नीट टेकलेलं हवं. पण जिंकणाऱ्याच्या हातात जे दिसतं ते विकलं जातं.

अर्धाइंच
बरोबर, आणि उलटही होतं. .२८४ विंचेस्टर १९६३ ची, शिकाऱ्यांनी पार नाकारली. चाळीसेक वर्षांनी एफ-क्लासच्याच एफ-ओपनवाल्यांनी ७ मिमीच्या १८० ग्रेन गोळीसाठी तीच केस उकरून काढली आणि बक्षिसांच्या याद्या भरल्या. तिला कुणी जाहिरात दिली? कुणीच नाही. त्या लांब गोळ्या १९६३ मध्ये नव्हत्या, एवढंच.

क्रीडमूरची जननी तर आणखी मजेशीर. .३० टीसी, त्याच २००७ ची, बाजारात सपशेल आपटली. तिचीच केस आवळून क्रीडमूर झाली.

शेंडेफळ
क्रीडमूर हे नाव कुठलं?

उत्तरवारा
न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीड नावाच्या कुटुंबाची शेतजमीन होती, तिथे १८७३ मध्ये चांदमारीचं मैदान झालं. १८७४ साली तिथे आयर्लंड विरुद्ध अमेरिका सामना झाला, अमेरिका ९३४-९३१ ने जिंकली. एका आयरिश नेमबाजाने ऐन मोक्याला शेजारच्याच्या लक्ष्यावर बुल (मधला ठिपका) मारला, गुण शून्य. तीन गुणांनी हरले.

खटका
म्हणजे काडतूस कुठलंही असो, लक्ष्य आपलंच हवं.

पितळीभांडी
प्रायमरबद्दल राहिलं होतं. ६.५x४७ लापुआ, २००५ ची, क्रीडमूरच्या दोन वर्षं आधीची, आणि माझ्या मते कागदावर तिच्याहून नेटकी. ३०० मीटरसाठीच काढली, तिथे दहाचं वर्तुळ १०० मिमीचं. लहान प्रायमर, जाड बूड, पितळ अप्रतिम. मग मागे का राहिली? काडतूस युरोपातून यायचं, महाग, आणि अमेरिकेतल्या गावातल्या दुकानात मिळायचं नाही.

नंतर लापुआने क्रीडमूरचं पितळही लहान प्रायमरचं काढलं. त्यात एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवतो. .३०८ साठी बनलेल्या बोल्टमध्ये फायरिंग पिनचं भोक मोठं आणि पिन जाड असते. लहान प्रायमरची पातळ टोपी दाबाखाली त्या भोकात फुगते, कडा उठतात, कधी गोल टिकली कापून निघते आणि बोल्टच्या आत जाते. पुढचा बार मिसफायर. पिन बदलून भोकात बारीक बुश बसवून घेतला की प्रश्न मिटतो. हे न करता दाब जास्त झाला असं समजून लोक दारू कमी करत बसतात. कडाक्याच्या थंडीत मात्र मोठा प्रायमरच बरा, लहान कधीकधी पेटवायला कमी पडतो.

अर्धाइंच
आता मूळ प्रश्नाकडे. क्रीडमूरची कल्पना २००५ मध्ये कॅम्प पेरीला डेनिस डेमिल या स्पर्धकाच्या तक्रारींतून निघाली. हॉर्नडीच्या डेव्ह एमरी यांनी त्या ऐकून घेतल्या. मागणी काय होती? मॅगझिनमध्ये मावणारं, धक्का कमी, नळी टिकणारी, पितळ आणि गोळ्या मिळणाऱ्या, आणि मुख्य म्हणजे दुकानातून आणलेलं काडतूस घरी भरलेल्याइतकं चांगलं. सुरुवातीच्या मॅच काडतुसांच्या खोक्यावर कंपनीने आत काय भरलंय त्याची कृतीच छापली. कोणती पावडर, किती. कंपन्या हे झाकून ठेवतात. इथे घरी भरणाऱ्याला आयता मुक्काम मिळाला आणि न भरणाऱ्याला भरवसा.

.२६० ला रेमिंग्टनने शिकारीची रायफल दिली, शिकारीची काडतुसं दिली आणि मॅचचं नेमबाजांवर सोडून दिलं.

चांदमारी
बरं बाबा. जाहिरात साठ टक्के होती, आता तीसवर आणतो. पण एक सांगा. एखाद्याकडे .२६० आहे, ८ ची नळी बसवलेली आहे, मॅगझिन लांब आहे. त्याने बदलावं का?

नळीदुरुस्ती
अजिबात नाही. नळी संपेपर्यंत मारा.

पितळीभांडी
सहमत. फक्त मॅगझिन खरंच लांब आहे ना ते बघा. प्रायमर आणि दारू नसलेल्या केसमध्ये गोळी आट्यांपासून अर्धा मिमी मागे राहील अशी बसवा, अशी पाच काडतुसं करा आणि मॅगझिनमध्ये भरा. सुरक्षित दिशेला तोंड करून बोल्ट पाचही वेळा जोरात मागेपुढे करा. नंतर प्रत्येकाची लांबी पुन्हा मोजा. गोळीच्या टोकावर चेपल्याची खूण किंवा लांबीत दशांश मिमीची घट दिसली, तर टोक पुढच्या भिंतीला आपटतंय.

चांदमारी
मोजलं. पाचातल्या दोघांना खूण आहे.

अर्धाइंच
२.९ मिमी, साहेब.